चोरबाजारातला लांब दांड्याचा हातोडा

मुंबईच्या सँडहर्स्ट रोड स्टेशनवरून पश्चिमेकडे निघाले, की भेंडीबाजार ओलांडल्यावर मटण स्ट्रीट लागते. हाच चोरबाजार. मूळ नाव शोरबाजार होते, असेही सांगतात. शुक्रवारी येथील बरीच पक्की दुकाने बंद असतात आणि रस्त्यावर जुन्या मालाचा बाजार भरतो. ग्रामोफोन, झुंबरे पाहायला हौशी गिऱ्हाईक येते. कष्टकऱ्याने मात्र हत्यारांचे ढीग पाहावेत. पाने, कानशी, रंधे, पकडी. प्रत्येकावर कोणाच्या तरी हाताची झीज असते.

अशाच एका ढिगात एक चमत्कारिक हातोडा दिसला. डोके लहान, दांडा मात्र जवळजवळ तीन फुटांचा. सुताराला एवढा दांडा अडचणीचा, लोहाराला एवढे हलके डोके निरुपयोगी. मग हा कोणाचा?

जुने हत्यार ओळखायचे तर तीन गोष्टी पाहाव्यात : वजन, झीज आणि छाप. याचे तोंड पसरलेले नव्हते. म्हणजे त्याने जोराचे घाव घातलेच नव्हते. दांडा धरण्याच्या जागी मात्र गुळगुळीत झाला होता. तेलाने पुसल्यावर इंग्रजी अक्षरे उमटली, जी. आय. पी. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली, ती याच रेल्वेची. ५ नोव्हेंबर १९५१ ला ती मध्य रेल्वेत विलीन झाली. तेव्हा हातोडा त्याआधीचा.

आमच्या शेजारी रेल्वेच्या कॅरेज खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. हातात घेताच ते म्हणाले, "अरे, हा ठोकायचा नव्हे, ऐकायचा हातोडा!"

गाडी स्टेशनात उभी राहिली, की कामगार हा घेऊन डब्यांच्या कडेने चालत जाई आणि प्रत्येक चाकावर हलका ठोका देई. चाक धड असेल तर खणखणीत नाद येई. तडा गेला असेल, किंवा चाकावरची पोलादी धाव सैल झाली असेल, तर आवाज बद्द येई. वाकावे लागू नये म्हणून दांडा लांब. आपल्या आयाबहिणी बाजारात माठ घेताना बोटाने वाजवून पाहतात, तीच ही विद्या. मध्यरात्री झोपेत आपण जो टण् टण् आवाज ऐकत असू, त्यावर शेकडो जिवांचा भरवसा असे.

याच जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला भरली होती. तेथे बाबासाहेबांनी सांगितले, की आमच्या माणसाला गँगमन म्हणूनच राबावे लागते, वरच्या जागा त्याला मिळत नाहीत. म्हणजे कोणाच्या हाती घण आणि पहार द्यायची, कोणाला कारागिराचे हत्यार द्यायचे, हेही जात पाहून ठरत होते. एका हातोड्यात एवढा इतिहास असतो.

आज ॲक्सलमधला तडा शोधायला अल्ट्रासॉनिक यंत्रे आली आहेत. कानाचे काम यंत्राने घेतले. पण डोळ्यांनी गाडी तपासणारा कामगार आजही रुळांकडेला उभा असतो.

एक सावधगिरी सांगतो. रेल्वेचा छाप असलेली वस्तू विचारपूस न करता घेऊ नये. रेल्वेची चोरीची मालमत्ता जवळ बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. मी विक्रेत्याकडची भंगार लिलावाची पावती पाहिली, मगच पैसे मोजले.

आपल्या घरातही माळ्यावर आजोबांचे एखादे हत्यार पडलेले असेल. भंगारवाल्याला देण्याआधी घरातल्या थोरांना विचारा, ते कोठले, कोणत्या कामाचे, त्यावर कोण राबले. मुलांना जवळ बसवून विचारा. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे कळेल.