लाकडी नंदी आणि जपानचे अस्वल

नागपूर पाहायचे तर लोक संत्र्यांच्या दिवसांत येतात. माझे सांगणे असे, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी यावे. त्या एका दिवसात हे शहर सकाळी मनसोक्त शिव्या देते आणि संध्याकाळी तितकेच मनसोक्त लाड करते.

सकाळी इतवारीकडे मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८०च्या सुमारास सुरू झाली, पिवळी १८८५ साली. अक्राळविक्राळ पुतळे, मागे बडगे, आणि भोवती मुंगी शिरायला जागा नाही अशी गर्दी. रोगराई, महागाई, लाचखाऊपणा, जे जे नकोसे ते ते घेऊन जा म्हणून ओरडायचे आणि शेवटी पुतळ्यांना अग्नी द्यायचा. वर्षाची सगळी जळजळ एका दिवसात निघून जाते!

संध्याकाळी तान्हा पोळा. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजी राजांनी मुलांसाठी तो सुरू केला, अशी परंपरा सांगतात. खरे बैल मोठ्यांचे. मुलांचे बैल लाकडी, पायांना चाके लावलेले. तळहातावर मावणाऱ्या नंदीपासून माणसाच्या उंचीच्या नंदीपर्यंत सगळे नमुने बाजारात दिसतात. पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळ, शिंगांना बेगड. घरोघरी त्याला ओवाळतात आणि मालकाच्या चिमुकल्या हातावर ‘बोजारा’ म्हणून चार पैसे किंवा खाऊ ठेवतात.

हा सोहळा एखाद्या जपानी पाहुण्याला दाखवला, तर त्याला फारसे नवल वाटणार नाही. नागपूरला जपानी पाहुणा ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. जवळच कामठीला जपानी साहाय्याने १९९९ साली उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस बुद्धमंदिर आहे. या पाहुण्याच्या देशात तर गावोगावचा एकेक लाडका प्राणी असतो. त्यांना ‘युरु-क्यारा’ म्हणतात, म्हणजे ढिली, गबाळी पात्रे. हे नाव देणाऱ्या जुन मिउरा यांनी त्यांच्यासाठी अटीही घातल्या: गावावर प्रेम हवे, चाल अडखळती हवी, आणि एकूण ध्यान असे हवे की पाहताच माया यावी.

त्यांतला सर्वांत नामांकित म्हणजे कुमामोन. काळे अस्वल, गाल लालबुंद. क्यूशू बेटावर नवी बुलेट गाडी २०११ साली पूर्ण धावू लागायची होती. प्रवासी कुमामोतो प्रांतात न उतरता पुढे निघून जातील, या धास्तीने तिथल्या सरकारने २०१० साली हे अस्वल पुढे आणले आणि त्याला चक्क सरकारी हुद्दा दिला. गंमत अशी, की त्या बेटावर रानटी अस्वल आता उरलेलेच नाही!

आपल्या नंदीचा खरा भाऊ मात्र उत्तरेकडे, फुकुशिमातल्या ऐझू भागात आहे. त्याचे नाव अकाबेको, म्हणजे तांबडे गुरू. कागदाच्या लगद्याचे हे खेळणे बोट लावताच मान डोलावते. तिथल्या एन्झोजी मंदिरासाठी ओझी वाहताना जनावरे थकली, तेव्हा तांबडी गुरे मदतीला धावली, अशी आख्यायिका आहे. पुढे देवीच्या साथीत मुलांच्या रक्षणासाठी हे खेळणे घरात ठेवू लागले. त्याच्या अंगावरचे काळे ठिपके म्हणजे देवीचे फोड. मारबतीचे आणि नंदीचे अशी दोन्ही कामे तो एकटाच करतो म्हणा ना! आज ऐझूने त्यालाच आपले बोधचिन्हही केले आहे.

जपान्यांचे हे वेड पाहून आपण हसतो. पण गोजिरेपणा हा नुसता पोरखेळ नसतो. ज्याचे उपकार फार मोठे, त्याला लहान करून घरात आणले की त्याच्यावर माया करणे सोपे जाते. आपल्याकडे शेतात ट्रॅक्टर आला, शहरातले गोठे गेले. नागपूरच्या सदनिकेत वाढणाऱ्या कितीतरी मुलांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला तो लाकडीच. कुमामोतोच्या अस्वलासारखाच उद्या नंदी हाही न पाहिलेल्या प्राण्याचा लाडका चेहरा होऊन बसेल की काय, अशी शंका येते.

म्हणून तान्ह्या पोळ्याला मुलांना नंदी अवश्य घेऊन द्यावा. मात्र आदल्या दिवशी, खऱ्या पोळ्याला, त्यांना जवळच्या एखाद्या खेड्यात न्यावे. तिथल्या बैलाच्या कपाळावर हात ठेवू द्यावा. मग लाकडाच्या पाठीवर झूल चढवताना ती कुणासाठी चढवायची, हे त्यांना सांगावे लागणार नाही.