गॅस गेला म्हणण्याआधी

चि. बाळास,


तुझं पत्र वाचून राहवेना, म्हणून लगेच लिहायला बसलो. फ्रीज बिघडला याचं विशेष नाही. केळशीसारख्या समुद्रकाठच्या गावात यंत्रं बिघडायचीच. पण कारागिराने दार उघडून नुसता हात आत घातला, ‘गॅस गेला’ म्हणाला आणि तू पैसे मोजायला तयार झालास, याचा मात्र राग आला. तूच लिहितोस की वरच्या कप्प्यात बर्फ नीट होतो, आणि खाली दूध सकाळपर्यंत नासतं, खवलेला नारळ दुसऱ्या दिवशी आंबूस लागतो. अरे, उत्तर तुझ्याच या वाक्यात आहे.

फ्रीजमधला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. कॉम्प्रेसर, उष्णता बाहेर टाकणारी नळी, केसासारखी बारीक नळी आणि फ्रीझरचं कॉइल, या बंद वाटेत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती असणारच. आणि गळती असली की फटका फ्रीझरलाही बसतो. कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही, कॉइलच्या एका टोकाला थोडं हिम धरतं, बाकीचं कोरडं राहतं आणि बर्फ होईनासा होतो. तुझ्याकडे बर्फ होतोय. म्हणजे गारवा तयार होतोय, फक्त खाली पोचत नाहीये. तुमच्यासारख्या दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बहुधा एकच कॉइल असतं, फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड. तिथला छोटा पंखा गार हवा खाली ढकलतो, आणि कॉइलवर धरलेलं हिम अधूनमधून एक हीटर वितळवतो. हा हीटर, नाहीतर त्याचा टायमर किंवा सेन्सर, बंद पडला की हिमाचा घट्ट पांढरा थर साचत जातो आणि हवेची वाट बुजते. वर बर्फ, खाली कोमट, अशी गत होते. पंखाच बंद पडला तरी हेच होतं.

तू म्हणशील, गेल्या खेपेला गॅस भरल्यावर आठ-दहा दिवस फ्रीज ठणठणीत चालला होता. चालणारच! गॅस भरताना तो किती तास बंद होता, दारं उघडी होती, आठव. तेवढ्यात आतलं हिम वितळलं, वाट मोकळी झाली, आणि पुन्हा हिम साचेपर्यंत सगळं सुरळीत राहिलं. श्रेय गॅसला मिळालं. उलट गळती खरंच असती आणि ती न शोधता गॅस भरला असता, तर आठ दिवसांनी बर्फही बंद झाला असता. तो आजही होतोय.

दुसरा मुद्दा खाऱ्या हवेचा, आणि तो मला मान्य आहे. समुद्राच्या वाऱ्याने नळ्या गंजतात, सांध्यांना सूक्ष्म भोकं पडतात, त्यामुळे केळशीत गॅस खरोखर गळू शकतो. पण मग ती जागा दाखवायला हवी. तिथे बहुतेक वेळा तेलकट डाग असतो, साबणाच्या पाण्याने बुडबुडे दिसतात. आधी सांधा बुजवायचा, ओलावा शोषणारा ड्रायर बदलायचा, पंपाने नळी निर्वात करायची आणि मग फ्रीजच्या पाटीवर लिहिलेला गॅस लिहिला असेल तेवढाच वजन करून भरायचा. नव्या फ्रीजमध्ये बहुधा आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो, आणि तो पेट घेतो. स्वयंपाकघरात मशाल पेटवून कोणी नळी झाळायला बसला, तर तुम्ही सगळे घराबाहेर थांबा. जुन्यात आर-१३४ए असेल तर आगीचं भय नाही, पण कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता धरून ठेवणारा वायू उगाच हवेत सुटतो. असे वायू कमी करायचं जगाने किगालीत २०१६ साली ठरवलं, आणि आपल्याकडे तपासणीशिवाय नळी कापली जाते. निदान न करता दुरुस्ती करणं हा मला गुन्हाच वाटतो, मग ती यंत्राची असो नाहीतर माणसाची.

तेव्हा कारागिराला थांबव. फ्रीज रिकामा कर, प्लग काढ, दोन्ही दारं पूर्ण दिवसभर उघडी ठेव, खाली फडकी पसर. घाई करून सुरीने हिम खरवडू नकोस, कॉइलला भोक पडलं तर गॅस खरंच जाईल. दाराच्या रबरात कागद धरून ओढून बघ. सहज सुटला तर रबर सैल झालंय, आणि पावसाळ्यातली दमट हवा त्या फटीतून आत शिरते आणि तिच्यातल्या बाष्पाचं कॉइलवर हिम होतं. व्होल्टेजही बघून घे, आणि वीज गेली-आली तर पाचेक मिनिटं थांबून मग फ्रीज लाव. चालू केल्यावर मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेव. दुसऱ्या दिवशी चार-पाच अंश दाखवून आठवड्याने पुन्हा चढला, तर हीटर, टायमर, सेन्सर तपासायला सांग.

पण माझा जीव अडकलाय तो वहिनींच्या इन्सुलिनमध्ये. दुधाचं नासणं निदान वासाने कळतं, इन्सुलिनचं बघून कळेलच असं नाही. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत हव्यात. वर गार आहे म्हणून फ्रीझरमध्ये नाही ना ठेवल्यास? गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी वापरायचं नसतं, टाकूनच द्यायचं. मडक्याच्या भरवशावरही राहू नका, पावसाळ्यात तुमच्याकडे पाणी उडतच नाही तर मडकं गार कसं होणार? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर वीज नव्हती तेव्हा जिथे ठेवलं होतंत, तिथेच आज नेऊन ठेवा. नेताना बर्फ घेतलात तर कुप्या फडक्यात गुंडाळा, बर्फाला टेकू देऊ नका. आणि खालच्या कप्प्यात जे इतके दिवस पडून होतं, ते टोचण्याआधी डॉक्टरांना विचार. वहिनींची साखर आज दोनदा तपास आणि आकडे मला रात्री फोनवर सांग.

तुझा,
काका