घंटेपाशी

सरकारी नोकरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला 'सेवा' या शब्दाचे फारसे अप्रूप उरत नाही. आमच्या सेवापुस्तिकेत रजा, बदल्या, वेतनवाढी आणि एक जुना ताकीदवजा शेरा यांपलीकडे काही नाही. त्यामुळे कोलकात्याच्या आमच्या वसाहतीतले एक ख्रिस्ती स्नेही गेल्या वर्षी एका संध्याकाळी येऊन म्हणाले, "आमच्या मंडळीची बारा माणसे महिनाभर केनियाला निघाली आहेत. सोळा दिवस सेवा, मग जंगल. एक जागा रिकामी झाली आहे, येता का?" तेव्हा आमचे कान टवकारले ते 'जंगल' या शब्दाने, हे कबूल केलेले बरे. आमच्यासारख्या परधर्मीयाचे तिथे काय काम, असे आम्ही विचारले. "रंगाचा ब्रश धरायला बाप्तिस्मा लागत नाही," ते म्हणाले. आम्ही दोघेही नाशिकचे. नाशिककराला नाशिककराचा आग्रह परदेशी, म्हणजे बंगालात, मोडवत नाही.

मोंबासा हे बेट आहे. त्याच्या उत्तरेला, मुख्य भूमीवरच्या एका खेड्यातील शाळा आमच्या वाट्याला आली होती. भिंती पोवळ्याच्या दगडाच्या, छप्पर पत्र्याचे, आवारात आंब्याची दोन थोर झाडे. मुलांची भाषा स्वाहिली. पहिल्याच दिवशी त्यांच्या बोलण्यात 'कलामू', 'हेसाबू' आणि 'डुका' हे शब्द ऐकून आम्हांला कोण आनंद झाला! कलम, हिशेब आणि दुकान इथवर तर आपला संसार पोचला आहेच.

काम मात्र आनंदाचे ठरले नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या ध्यानात आले, की एक मध्यमवयीन माणूस रोज सकाळी येऊन आंब्याखाली बसतो आणि आमचे रंगकाम मुकाट्याने पाहतो. मुख्याध्यापकांना विचारले, तेव्हा ते जरासे संकोचले. तो गावातला रंगारी होता. दरवर्षी सुट्टीत या भिंती तोच रंगवीत असे. यंदा परदेशचे पाहुणे येणार म्हणून त्याला बोलावलेच नव्हते. आणि आमची रंगवलेली भिंत अशी, की खालच्या थराचे ओघळ वरच्या थरातून डोळे वटारून पाहत होते. त्या रात्री मंडळीत बरीच चर्चा झाली. काहींना वाटले, इतक्या दूर येऊन ब्रश खाली ठेवणे म्हणजे घेतलेले व्रत मोडणे. आमच्या स्नेह्यांनी शांतपणे एवढेच विचारले, "व्रत कोणाचे आणि उपास कोणाला?" दुसऱ्या दिवशी रंग, ब्रश आणि मजुरी रंगाऱ्याच्या स्वाधीन झाली. आम्ही पावसाच्या पाण्याच्या टाकीसाठी दगड वाहू लागलो. रंगाऱ्याने सर्वांत आधी आमची भिंत खरवडली.

रविवारी आम्हांला फ्रेअरटाऊनला नेले. आज ते मोंबासाचे एक गजबजलेले उपनगर आहे. भर रहदारीच्या नाक्यावर एका कमानीत जुनी घंटा टांगलेली आहे. त्या जागेला लोक 'केंगेलेनी' म्हणतात. स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा, आणि शेवटचा 'नी' म्हणजे आपला 'पाशी'. गुलामांचे व्यापारी चालून आले तर इशारा देण्यासाठी ही घंटा होती. वसाहतीला नाव मिळाले ते सर बार्टल फ्रेअर यांचे. हे 1862 ते 1867 पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते, आणि 1873 च्या जूनमध्ये झांजिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याचा जो करार केला, त्यामागे यांचीच खटपट होती. आम्ही आपले कमानीचे छायाचित्र घेत होतो. तोच चर्चमधले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "इथे पहिल्यांदा वस्तीला आले ते तुमच्या नासिकचे लोक."

आम्हांला वाटले, आपण चुकीचे ऐकले.

ऐकले ते बरोबरच होते. अरबी समुद्रात इंग्रजी लढाऊ जहाजे गुलामांची गलबते पकडीत. सुटलेल्या आफ्रिकी मुलांतली बरीचशी मुंबईला उतरवली जात. चर्च मिशनरी सोसायटीने त्यांतल्या कित्येकांना नाशिकजवळच्या शरणपूरला ठेवले आणि सुतारकाम, लोहारकाम शिकवले. डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1866 मध्ये शेवटच्या प्रवासाला निघाला, तेव्हा शरणपूरची नऊ मुले त्याच्याबरोबर होती. 1873 च्या मे महिन्यात तो वारला, त्या वेळी पुढे जाऊन मिळालेला जेकब वेनराइट हा शरणपूरचाच तरुण तिथे होता. त्याने झाडावर मृत्युलेख कोरला. सोबत्यांनी तो देह शेकडो कोस चालत किनाऱ्याला आणला. पुढच्या एप्रिलात वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात देणाऱ्यांत जेकब होता. त्यानंतर फ्रेअरटाऊन वसले आणि शरणपूरची बरीच माणसे तिकडे धाडण्यात आली.

शरणपूर रोडवरून आम्ही सहा वर्षे सायकलने शाळेत गेलो. हे नाव कोणाच्या शरण येण्यावरून पडले असेल, असा प्रश्न एकदाही आमच्या मनात आला नाही.

जंगलाचे दिवस आले आणि गेले. त्सावोच्या तांबड्या मातीत न्हालेले तांबडे हत्ती पाहिले. एका कोरड्या नदीच्या वाळूत आमची गाडी रुतली आणि अडीच तास सिंहाच्या भीतीने गप्प बसलो. सिंह आला नाही. घरी सांगताना तो थोडा जवळ येतो. किलिमांजारोने आम्हांला ढगाआड ठेवले. 1848 मध्ये रेबमान या जर्मन मिशनऱ्याने तिथे बर्फ पाहिल्याचे लिहिले, तेव्हा लंडनच्या घरबसल्या भूगोलपंडिताने त्याला वेड्यात काढले होते. आम्हांला बर्फ दिसले नाही, तरी आम्ही रेबमानच्या बाजूचे.

परतण्याच्या आदल्या दिवशी राबईला गेलो. मोंबासाच्या वायव्येला टेकडीवरचे हे गाव क्राफ आणि रेबमान यांचे ठाणे. जुन्या चर्चमध्ये आता संग्रहालय आहे. तिथल्या वृद्ध रखवालदारांनी आम्हांला विल्यम जोन्सची हकीकत सांगितली. शरणपूरला लोहारकाम शिकलेला हा माणूस 1885 मध्ये पाद्री झाला. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टनबरोबर तो मसाई मुलुखातून युगांडाकडे निघाला. बिशप थोडी माणसे घेऊन पुढे गेले, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस मारले गेले. मागे राहिलेल्या जोन्सने वाट पाहिली, बातमीची खात्री केली आणि उरलेला तांडा त्याच वाटेने परत आणला. 1886 च्या फेब्रुवारीत तो राबईला पोचला, तेव्हा पुढे निळे निशाण होते. त्यावर इखाबोद हा इब्री शब्द होता. म्हणजे, वैभव गेले.

आपणांपैकी बदलीचा हुकूम हाती घेऊन ज्यांनी बिऱ्हाडे मोडली आहेत, त्यांना जोन्सविषयी आम्हांला काय वाटले ते कळेल. फरक एवढाच, की आपल्या हुकुमावर परतीच्या गावाचे नाव असते. त्याच्या पहिल्या गावातून त्याला चोरांनी नेले, आणि दुसऱ्यातून हितचिंतकांनी.

रखवालदारांनी विचारले, "शरणपूर म्हणजे काय?" आम्ही दुभाष्यामार्फत सांगितले, की जिथे आसरा मिळतो ते गाव. "किंबिलिओ!" ते म्हणाले, आणि आत वळून मोकळी भिंत दाखवीत त्यांनी विचारले, "त्याचे एखादे चित्र इथे लावायला पाठवाल? आता कसे दिसते ते?"

आम्ही मान डोलावली. आता कसे दिसते, हे आम्हांलाही ठाऊक नव्हते. आम्ही अकरा वर्षांत नाशिकला गेलेलो नाही.

कोलकात्याला आल्यावर भाच्याला लिहिले. त्याने चित्र पाठवले त्यात चर्चचे फाटक अर्धेच आले आहे. बाकी सारी रिक्षांची रांग, रसवंतीगृह आणि 'शरणपूर रोड' अशी पाटी. स्नेह्यांचे मत, दुसरे चित्र मागवावे. आम्ही हेच मोठे करून घेतले, मागे पाटीचा अर्थ लिहिला आणि गेल्या मंगळवारी पोस्टात टाकले.