हीटर थंड का पडतो?

आपल्या भागात गाडीच्या हीटरला कुणी विचारत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवरचे आपले बेळगाव डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगले गारठते. तरी माणसे स्वेटर चढवतात, कानाला मफलर गुंडाळतात आणि निघतात. जुनी गाडी घेताना आपण टायर पाहतो, इंजिनचा आवाज ऐकतो, कागदपत्रे चार वेळा चाळतो. हीटर लावून पाहणारा माझ्या तरी पाहण्यात नाही. पण आपल्याकडे हीटरची खरी गरज थंडीत नव्हे, पावसाळ्यात लागते. पाय शेकण्यासाठी नव्हे, पुढची काच साफ ठेवण्यासाठी.

माझा धाकटा भाऊ निपाणीजवळ शेती करतो. घरची वांगी, मिरची, कोबी आणि शेजारपाजारचा माल जुन्या पिकअपमध्ये भरून तो आठवड्यातून तीनदा रात्री आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडीकडे उतरतो. आंबोलीचा पाऊस काय सांगावा! वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर. माल झाकताना भिजलेली दोन माणसे कॅबिनमध्ये बसली, की त्यांच्या श्वासाची आणि ओल्या कपड्यांची वाफ थंड काचेवर जमते आणि काच आतून दुधासारखी पांढरी होते. २०२२ च्या पावसाळ्यात भाऊ एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात फडके घेऊन घाट उतरत होता. ब्लोअर जोरात चाले, पण वारा यायचा जेमतेम कोमट.

निपाणी ही तंबाखूची पेठ, त्यामुळे सल्लाही तंबाखूचाच मिळाला. जुने ट्रकवाले काचेवर तंबाखू चोळतात, हे खरे आहे. त्याने पावसाचे थेंब न साचता पाणी पसरून वाहते आणि वायपर बंद पडला तरी थोडे निभावते. पण तो उपाय काचेच्या बाहेरचा. आतल्या वाफेला कोरडी, गरम हवाच लागते.

भावजय संकेश्वरची, माहेर कन्नड. घाट उतरल्याचा फोन आल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे. ‘गाडी जुनी झाली, आता असंच चालायचं,’ हे उत्तर तिला पटेना. शेवटी तिने गावातल्या निवृत्त सुभेदारकाकांना घरी बोलावले. काकांनी लडाखमध्ये अनेक हिवाळे लष्करी ट्रक हाकला होता. तिथे इंजिनमध्ये नुसते पाणी ठेवले तर रात्रीत त्याचा बर्फ होऊन ब्लॉक फुटायचा, हे ते नेहमी सांगत.

काका म्हणाले, “हीटरची स्वतःची शेगडी नसते. इंजिन तापवतं ते पाणी त्याच्यातनं फिरतं, एवढंच.” मी मराठी शिकवणारा माणूस, यंत्रातले मला फारसे कळत नाही, पण हे लगेच कळले. डॅशबोर्डच्या मागे एक छोटा रेडिएटर असतो. इंजिनचे गरम पाणी एका होज पाइपने त्यात येते, दुसऱ्याने परत जाते, आणि ब्लोअर त्यावरून वारा सोडतो.

काकांची परीक्षा याच दोन पाइपांवर होती. गाडी वीस मिनिटे चालवायची, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, मग इंजिन बंद करून पंख्यापासून हात लांब ठेवत ते पाइप जपून चाचपायचे. दोन्ही पाइप कडक गरम असले तर पाण्याची बाजू ठीक आहे. दोष वाऱ्याच्या बाजूला. आतली झडप वळत नसेल, वायर सुटली असेल किंवा वाटेत पालापाचोळा अडकला असेल. एक पाइप गरम आणि दुसरा गार असेल तर हीटरचा कॉक बंद आहे किंवा आतला छोटा रेडिएटर चोंदला आहे. आणि दोन्ही कोमट असतील तर मूळ इंजिनच्याच पाण्यात शोधायचे.

आमचे दोन्ही पाइप कोमट निघाले. निपाणीच्या मेकॅनिकने झाकण उघडून पाहिले आणि म्हणाला, “नीराग गाळी ऐत्री सर.” पाणी कमी झाले होते आणि त्यात हवा अडकली होती. हीटर बहुतेक गाड्यांत उंचावर असतो, त्यामुळे हवा तिथे जाऊन बसते आणि पाणी फिरत नाही. त्याने पिकअपचे तोंड चढावर करून, हीटर उघडा ठेवून, इंजिन चालू करून सावकाश पाणी भरले. बुडबुडे थांबले. वारा थोडा सुधारला, पण काच निवळेल इतका नाही.

मग त्याने थर्मोस्टॅटचे घर खोलले. घर होते, आत थर्मोस्टॅट नव्हताच!

तो काय करतो, हे आपल्या न्हाणीघरातल्या बंबावरून समजते. बंबात पाणी नीट तापण्याआधीच वरून गार पाणी ओतत राहिलो तर शेवटपर्यंत सगळ्यांना कोमट पाण्यानेच अंघोळ करावी लागते. थर्मोस्टॅट इंजिनमधले पाणी सुमारे ऐंशी अंशांपर्यंत तापेपर्यंत मोठ्या रेडिएटरची वाट अडवून धरतो. त्यातले मेण वितळून फुगते, तेव्हा झडप उघडते. तो काढला की पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरते, आणि घाटउतारावर, थंड पावसात, इंजिन तापतच नाही.

पिकअप भावाने जुनी घेतली होती. आधीच्या मालकाच्या काळात तवंदी घाटात ती तापत होती आणि कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकला होता. आपल्याकडे हा उपाय सर्रास होतो. ‘गरम देशाला कशाला पाहिजे?’ असे म्हणतात. पण इंजिन सदा गार राहिले तर डिझेल जास्त जळते, ऑइल लवकर खराब होते आणि झीज वाढते. गाडी तापण्याचे मूळ कारण मात्र तसेच राहिले होते. वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी घातल्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षारांचा पांढरा थर बसला होता, अगदी आपल्या गीझरमध्ये बसतो तसा.

रेडिएटर उतरवून साफ केला, हीटरमधून उलट्या दिशेने पाणी सोडून गाळ काढला, नवा थर्मोस्टॅट बसवला आणि नुसत्या पाण्याऐवजी कूलंट भरले. थर्मोस्टॅट काही शे रुपयांचा. खरा खर्च रेडिएटरचा झाला. पण काटा मधोमध येऊन थांबला, वारा हाताला चटका देऊ लागला, आणि पुढच्या आंबोलीच्या खेपेत फडके खणातच राहिले. भावाचा फोनही अर्धा तास आधी आला.

जुनी गाडी असलेल्या घरांनी मे महिन्यातच एकदा हीटर लावून पाहावा. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालचे पाणी उसळून अंगावर येते. कॅबिनमध्ये गोडसर वास येऊन काचेवर चिकट थर जमत असेल तर आतला छोटा रेडिएटर गळतो आहे असे समजावे. आणि काच धुरकटली की वाऱ्याचा खटका बाहेरची ताजी हवा घेण्यावर ठेवावा. आतलीच दमट हवा फिरवत राहिले तर हीटर कितीही चांगला असला तरी काच निवळत नाही.

एखाद्या गॅरेजमध्ये ‘हा भाग काढून टाकू, गरज नाही’ असे सांगितले, तर तो भाग मुळात कशासाठी बसवला होता, एवढे जरूर विचारा. मराठीत विचारा की कन्नडमध्ये, आपल्या भागातला चांगला मेकॅनिक दोन्हीत उत्तर देतो.