बाई, गळा निळाच होता!

आज माझ्याच लाल पेनाची एक गोष्ट सांगते.

आमची शाळा रायगड जिल्ह्यात, डोंगराच्या पायथ्याशी. मागे ओढा, ओढ्याकाठी बांबूची बेटं. सहावीच्या मुलांना मी निसर्गवही करायला सांगितली होती. आठवड्याला एक पक्षी बघायचा, त्याचं चित्र काढायचं आणि खाली चार ओळी लिहायच्या. डिसेंबरात एका मुलीने चिमणीहून जरा लहान पक्षी काढून आणला. पाठ निळी, छाती नारिंगी, पोट पांढरं. गळा मात्र तिने निळा रंगवला होता. मी गळ्याभोवती लाल गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'गळा नारिंगी हवा. नीट निरीक्षण कर.'

पक्षी माझ्या ओळखीचा होता ना! टिकेलचा निळा माशीमार. बारा महिने आमच्या ओढ्यावर असतो. सावलीतल्या खालच्या फांदीवर बसतो, मध्येच झेप घेऊन हवेतला किडा टिपतो. दिसण्याआधी त्याचं ते छोटंसं किणकिणतं गाणंच ऐकू येतं. त्याच्या नराचा नारिंगी रंग गळ्यापासूनच सुरू होतो.

ती म्हणाली, "बाई, पण गळा निळाच होता."

"सावलीत तसं वाटतं गं," मी म्हटलं आणि पुढची वही ओढली. पन्नास वह्या तपासायच्या होत्या, असं आपलं कारण असतंच.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी, त्याच बांबूत दुर्बिणीतून बघत होते. निळी पाठ, नारिंगी छाती. आणि गळा? निळा! अगदी चोचीखालून छातीपर्यंत. हा निळ्या गळ्याचा माशीमार. हिमालयात वीण करतो आणि थंडीत दक्षिणेकडे, सह्याद्रीतही उतरतो. दोन्ही नरांमध्ये चटकन दिसणारा फरक तेवढाच, गळ्याचा. आणि नेमका तिथेच मी लाल गोल केला होता.

तुमच्या मुलांनी असा पक्षी पाहिला, तर आधी गळाच विचारा. माद्यांची गोष्ट वेगळी. टिकेलच्या मादीच्या पाठीवर फिकट का होईना, निळसर झाक असते. दुसऱ्याची मादी वरून सरळ तपकिरी, आणि तिचा गळा निळा नसतोच.

याहून अवघड जोडी म्हणजे लाल छातीचा माशीमार आणि तैगा माशीमार. दोघेही हिवाळी पाहुणे. पूर्वीच्या पुस्तकांत तर ते एकच मानलेले आहेत. दोघेही शेपटी झटकन वर उचलतात, दोघांच्याही शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरा रंग. नर रंगात असेल तर सोपं. तैगाचा लाल रंग गळ्यापुरताच आणि त्याखाली राखाडी पट्टा, तर दुसऱ्याचा लाल रंग छातीवर उतरतो. पण माद्या आणि पिल्लं? त्यांना लाल रंगच नाही. मग चोच बघायची. तैगाची जवळजवळ पूर्ण काळी, दुसऱ्याच्या खालच्या चोचीचं मूळ फिकट. शिवाय तैगाच्या शेपटीच्या मुळावरची पिसं शेपटीहूनही काळीभोर असतात. एवढं सगळं बघेपर्यंत पक्षी थांबला, तर तो तुमचा चांगुलपणा! मी अजूनही पुष्कळदा चुकते.

सोमवारी वर्गात मी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी होती. तिच्या वहीतला गोल खोडला नाही, त्याखाली 'तुझं बरोबर आहे' असं लिहून सही केली. तेव्हापासून वहीत दोन रकाने आहेत. 'काय दिसलं' हा भरायचाच, 'नाव' रिकामा राहिला तरी चालतो. लाल पेन फक्त दुसऱ्या रकान्यात चालतं, तेही मी तो पक्षी स्वतः पाहिला असेल तरच. काही पालकांनी विचारलं, "मग मार्क कसे देता?" मार्क पहिल्या रकान्याला.

मुलीने सही बघितली, फार काही बोलली नाही. मधल्या सुट्टीत आली. "बाई, मग त्याची बायको पण असेल ना तिथे?"

पुढच्या रविवारी ती, तिची आई आणि मी ओढ्यावर गेलो. बांबूत एक तपकिरी पक्षी जेमतेम अर्धा मिनिट दिसला, तोही पाठमोरा. तिने पाठ तपकिरी रंगवली, गळ्याची जागा कोरी ठेवली. 'नाव'च्या रकान्यात आम्ही दोघींनीही काही लिहिलं नाही.