रुळावरची वाळू

विजेवरची स्कूटर घ्यायला गेलो, तेव्हा दुकानातला मुलगा मला टॉर्कचे आकडे ऐकवत होता. पेट्रोलच्या इंजिनाला आधी फेरे वाढवावे लागतात, मग त्याला जोर येतो. विजेची मोटर जागेवरूनच पुरा पीळ देते. त्याचं म्हणणं खरंच होतं. माझं लक्ष मात्र मागच्या टायरच्या खाचांवर. ही खोड कर्जतची.

कर्जतला माझे काका बँकर इंजिनांवर होते. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना इथे मागून इंजिनं लागतात, हे या वाटेनं फिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. निदान त्या थांब्यात खाल्लेल्या वड्यामुळे तरी. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ सालचा, आणि चढ सदतिसास एक. ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. ऐकायला किरकोळ. पण हजार टनांची गाडी त्या चढावर नुसती धरून ठेवायची म्हटली तरी २७ टनांचा जोर लागतो. ओढणारं इंजिन स्वतः १२० टनांच्या आसपास. कोरड्या रुळावर पोलादी चाकाची पकड फार तर त्याच्यावरच्या वजनाच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे ३० ते ४० टन. रूळ ओला आणि निसरडा झाला की ती निम्म्यावर येते. हिशेब तिथेच फसतो.

‘‘इंजिनात दम नाही म्हणून बँकर लावतात, असं लोकांना वाटतं,’’ काका म्हणायचे. ‘‘दम मोप आहे रे. रुळानं तो घेतला पाहिजे ना!’’

मागून लावण्याला आणखीही कारण आहे. सगळा ताण पुढच्या कपलिंगवर येत नाही, आणि एखादं कपलिंग तुटलंच तर सुटलेले डबे घाटातून खाली धावत सुटत नाहीत.

धो धो पावसाचं काकांना काही वाटत नसे. तो रूळ धुऊन काढतो. त्यांचा राग भुरभुर पावसावर. धूळ, तेल आणि पानांचा चोथा यांचा त्यात पातळ राडा होतो आणि चाकं जागच्या जागी गरगरू लागतात. मग नॉच, म्हणजे जोराची पायरी, उतरवायचा आणि वाळू सोडायची. इंजिनात वाळूच्या पेट्या असतात. हवेच्या दाबानं नळीतून ती थेट चाक आणि रूळ यांच्यामध्ये पडते. लहानपणी मला हे पटेचना. एकाच यंत्रात बेअरिंगला वंगण द्यायचं, घर्षण म्हणून राहू द्यायचं नाही, आणि तिथून हातभर खाली तेच घर्षण मिळावं म्हणून वाळू ओतायची! वाळू वापरायची तीही चाळलेली आणि कोरडी ठणठणीत, कारण ओली वाळू नळीतच बसते.

काकांच्या उमेदवारीत घाटात ‘खेकडा’ होता. १९२८च्या सुमाराचं ते विजेचं इंजिन. त्याची तीन-तीन चाकं आडव्या दांड्यांनी एकमेकांना जोडलेली असत. त्यामुळे एकट्या चाकाला घसरायची मुभाच नव्हती. घसरायचं तर तिघांनी मिळून.

अकरावीत सरांनी फळ्यावर सायकल काढली आणि मागच्या चाकाखाली घर्षणाचा बाण पुढच्या दिशेनं दाखवला. वर्गात कालवा झाला. घर्षण म्हणजे विरोध, मग ते पुढे कसं? सर म्हणाले, पेडल मारल्यावर चाकाचा तळ जमिनीला मागे लोटतो, जमीन चाकाला पुढे लोटते. पुढचं चाक मात्र कुणी फिरवत नाही, ते नुसतं ढकललं जातं, म्हणून तिथला बाण मागे. मला यात नवल वाटलं नाही, काकांची बाजू खरी ठरल्याचा आनंद झाला. सायकल उलटी करून चेन बसवताना चाक किती जोरात फिरतं, आणि सायकल असते तिथेच.

खरं नवल पुढे होतं. धावत्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. गाडी ताशी १०० किलोमीटरनं पळत असेल तर चाकाचा माथा २००नं पळतो आणि तळ शून्यानं. शेकडो टनांची गाडी जिच्या आधारानं पुढे सरकते, ती चाक आणि रूळ यांच्यातली जागा करंगळीच्या नखाएवढी, आणि तीही जवळजवळ थांबलेली. हे मला आजही पुरतं पचलेलं नाही.

नोकरीनं पाटण भागात नेलं. तिथे पावसाळ्यात वडापच्या जिपा चिखलात रुतायच्या. नवखा ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबत राही; चाक एकदा घसरलं की पकड आणखी कमी होते आणि ते आपलाच खड्डा खणत बसतं. मुरलेला ड्रायव्हर उतरून चाकाखाली गोणपाट, दगड, डहाळ्या सारायचा आणि चार-सहा जणांना मागच्या बंपरवर उभं करायचा. ‘‘वजन द्या, वजन द्या!’’ ओढतं चाक मागचं, म्हणून भार मागे. भौतिकशास्त्राचं पुस्तक न उघडलेला माणूस हे बरोबर करत होता. मी त्या बंपरवर मोठ्या उत्साहानं उभा राहिलो आहे.

स्कूटर घेतली ती पुण्यात. पहिल्या पावसात, वर्षभराचं तेल आणि धूळ रस्त्यावर तरंगत असताना, झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवर मी मूठ पिळत नाही. मोटर तेव्हाही सगळा टॉर्क द्यायला एका पायावर तयार असते.

मुंबई–सोलापूर वंदे भारत २०२३ साली सुरू झाली. काकांना त्या गाडीनं मुंबईहून पुण्याला आणलं. कर्जत न थांबता मागे गेलं, बँकर लागलाच नाही, आणि काका अस्वस्थ झाले. मी त्यांना सांगितलं, हिला वेगळं इंजिन नाही. निम्म्या डब्यांखाली मोटरा आहेत, म्हणजे गाडीच्या साधारण निम्म्या वजनाची पकड कामी येते. इंजिनाच्या १२० टनांवर भिस्त नाही. त्यांनी दहा शंका काढल्या. शेवटी जिपेची गोष्ट मीच सांगितली. घाटातला नागनाथाजवळचा बोगदा संपेपर्यंत ते गप्प होते. मग डब्यावरून नजर फिरवत म्हणाले,

‘‘म्हणजे बंपरवरच्या लोकांना तिकीट देऊन आत खुर्चीवर बसवलंय म्हण की!’’