गुपित सहा कानांत गेलं की…



आपल्यापैकी जे मुंबईला कदुरी शाळेत शिकले त्यांना माझगाव कुठे आहे ते सांगायला नको. त्याच माझगावच्या गोदीत भारताच्या नौदलासाठी सहा पाणबुड्या बांधल्या गेल्या. २००५ साली एका फ्रेंच कंपनीशी त्याचा करार झाला. पुढे तिचं नाव डी. सी. एन. एस. झालं, आणि २०१७ पासून ती नेव्हल ग्रुप म्हणून ओळखली जाते. पाणबुडीची जात स्कॉर्पीन. नकाशे फ्रान्सचे आणि बांधणारे हात मुंबईचे. ह्या पाणबुड्यांच्या कागदपत्रांचं पुढे काय झालं ते आजी-आजोबांनी नातवंडांना वाचून दाखवावं, म्हणून हे लिहीत आहे.

मुलांनो, पाणबुडी पाण्याखाली दिसत नाही, पण ऐकू येते. शत्रूची जहाजं यंत्रांचे कान लावून बसलेली असतात. म्हणून पाणबुडी जितकी गुपचूप चालेल तितकी सुरक्षित. कोणत्या वेगाला ती किती आवाज करते, किती खोल जाते, हे शत्रूला कळलं तर आतल्या चाळीसेक माणसांचं काही खरं नाही.

२०१६ च्या ऑगस्ट महिन्यात ‘दि ऑस्ट्रेलियन’ ह्या वृत्तपत्राने जाहीर केलं की ह्याच पाणबुड्यांची २२,४०० पानं बाहेर फुटली आहेत. त्यांत आवाजाची, खोलीची, टॉर्पेडो सोडण्याच्या यंत्रणेची माहिती होती. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियानेही आपल्या १२ पाणबुड्यांसाठी हीच कंपनी निवडली होती, म्हणून तिथे जास्तच खळबळ झाली. तो करार पुढे २०२१ साली ऑस्ट्रेलियाने मोडला, पण त्याची कारणं वेगळी होती.

त्या वेळी भारताचे संरक्षणमंत्री गोव्याचे मनोहर पर्रीकर होते. त्यांनी चौकशी लावली. पहिल्यांदा सर्वांना वाटलं की कोणी लांबून संगणकात घुसून चोरी केली. पण त्या वृत्तपत्राने सांगितलेली हकीगत निराळीच होती. त्याप्रमाणे, फ्रान्समध्ये कंपनीचं पोटकंत्राट करणाऱ्या एका माजी नौदल अधिकाऱ्याने २०११ साली ही पानं उतरवून नेली. तिथून ती आग्नेय आशियातल्या एका कंपनीत गेली, आणि २०१३ साली एका डिस्कवर भरून साध्या टपालाने सिडनीला पोचली. म्हणजे कुलूप फोडावंच लागलं नाही!

मी मुंबईत एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होतो. आमच्याकडे प्रत्येक नकाशाला नंबर असे आणि एक जाडजूड रजिस्टर असे. मोठे साहेब आले तरी सही केल्याशिवाय नकाशा हातात मिळायचा नाही. काम झालं की परत द्यायचा, जुना झाला की हेडक्लार्कसमोर फाडायचा. आम्ही तरुण पोरं ह्या कटकटीला हसायचो. पण २२,४०० पानं न्यायची तर त्या काळी हातगाडी लागली असती आणि गेटवरच्या दरवानाने ती अडवली असती. आता तेवढी पानं शर्टाच्या खिशातून जातात आणि दरवान सलाम करतो.

शस्त्रं विकत घेण्यात हीच अडचण आहे. घेणाऱ्या देशाचं गुपित विकणाऱ्याच्या कपाटात असतं. तिथून ते सुटे भाग बनवणाऱ्याकडे, शिकवायला येणाऱ्याकडे जातं. त्यांना दाखवल्याशिवाय काम होत नाही. आपले जुने लोक म्हणायचे, गोष्ट षट्कर्णी झाली, सहा कानांत गेली, की ती गुपित राहिली नाही. इथे तर शेकडो कान! म्हणून ज्याला जेवढं काम तेवढाच कागद द्यावा, कोणी कधी प्रत काढली त्याची नोंद ठेवावी, काम संपलं की परत घ्यावा. आमचं रजिस्टर हेच करत होतं.

भारत सरकारने तेव्हा सांगितलं की छापलेल्या पानांवरचे महत्त्वाचे आकडे काळे केलेले होते आणि त्यामुळे धोका नाही. कंपनीने ऑस्ट्रेलियातल्या कोर्टात जाऊन पुढची छपाई थांबवली. पाणबुड्याही तयार झाल्या. पहिली ‘कलवरी’ १४ डिसेंबर २०१७ ला नौदलात आली आणि सहावी ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ ला. पण एकदा बाहेर गेलेल्या पानाच्या किती प्रती निघाल्या, ते कोण मोजणार? काचेची बरणी फुटली तर दुसरी आणता येते, गुपिताचं तसं नाही.

इथे आपल्या घराघरांतली नातवंडं सैन्यात जातात. त्यांना पहिल्याच दिवसापासून ‘बिटाखोन सादे’ शिकवतात, म्हणजे आपल्या तुकडीची माहिती बाहेर न बोलणं. आपण आजी-आजोबा मात्र कौतुकाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतो: अमुक तळावर आहे, रविवारी अमुक ठिकाणी जाणार. तो फोटो लोदहून ठाण्याला आणि ठाण्याहून आणखी कुठे जातो ते आपल्याला कळतही नाही. कौतुक जरूर करावं, पण जागेचं नाव आणि तारीख पोटात ठेवावी.

शुक्रवारी पोरगं दमून घरी आलं की काय खाणार ते विचारा. कुठे होतास ते विचारू नका.